फ्रीजमध्ये खरंच किती थंड असतं? सेन्सर लावून बघितलं तेव्हा कळलं

आईच्या इन्सुलिनच्या पेनांचा खोका फ्रीजमधून काढला आणि एका पेनातलं औषध चक्क गोठलेलं दिसलं, तिथून हे सगळं सुरू झालं. मे महिना होता, उकाड्याने जीव नकोसा झालेला, म्हणून घरात कोणीतरी नॉब फिरवून ७ वर नेला होता, आणि खोका नेमका मागच्या भिंतीला टेकून बसलेला. त्याच आठवड्यात दारात ठेवलेलं दूध मात्र दोनदा तापवताना फाटलं. म्हणजे एकाच फ्रीजमध्ये, हातभर अंतरावर, एक वस्तू गोठतेय आणि दुसरी नासतेय. मेकॅनिकला बोलावलं तर त्याने आत हात घातला आणि म्हणाला, "थंड तर आहे की ताई, प्रॉब्लेम काय आहे?"

आता त्याला तरी काय बोलणार, आपण सगळेच फ्रीज असाच तपासतो, हाताने. पण हाताला ३ अंश आणि १० अंश यातला फरक कळत नाही, दोन्ही गारच लागतं. इन्सुलिनला कळतो तो फरक, दुधाला कळतो, कालच्या कोळंबीला तर फारच कळतो.

आधी आकडे सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट बसेल. थंड ठेवायचं अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या खाली हवं असं आपल्याकडचं अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय सांगतं, अमेरिकेत हाच आकडा ४ च्या आसपास धरतात. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा, त्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. फ्रीजरला मायनस १८ हवं. आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या मधे, ८ च्या वर गेलं तर ते हळूहळू बिघडतं पण एकदा गोठलं तर संपलंच, वितळून पुन्हा पातळ झालं, दिसायला अगदी स्वच्छ दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं. वापरात असलेल्या पेनाचे नियम वेगळे असतात, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेले असतात, तेच पाळायचे.

"वास घेऊन कळतं की" असं आमच्याकडे पण म्हणतात, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. अन्नाला वास आणणारे, चिकट करणारे जंतू वेगळे आणि आपल्याला आजारी पाडणारे बरेचसे जंतू वेगळे. दुसऱ्या प्रकारचे जंतू भाजीत भरपूर वाढले तरी भाजीचा वास, रंग, चव तशीच राहू शकते. भाताचं उदाहरण घ्या, बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी टिकून राहतात, मग भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते उलटी करवणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. तिथे नाक काही कामाचं नाही, तापमान आणि वेळ हेच कामाचं.

आणि तो नॉब. त्याच्यावरचे १ ते ७ म्हणजे अंश नाहीत हे कितीतरी लोकांना माहीत नसतं, "४ वर ठेवलाय ना, म्हणजे ४ डिग्री" असं मी सोसायटीत दोघा-तिघांकडून तरी ऐकलंय. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, एवढंच. बऱ्याच डबल डोअर फ्रीजमध्ये तर खरा गारवा तयार होतो फ्रीजरच्या मागे, पंखा ती थंड हवा खाली सोडतो, आणि दोनपैकी एक नॉब फक्त किती हवा खाली जाऊ द्यायची ती झडप कमी-जास्त करतो. म्हणून कधी कधी फ्रीजर जास्त थंड करायला गेलं की खालचा भाग उलट गरम होतो, आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

आता खरी गंमतीची गोष्ट, जी मला स्वतःला मोजायला लागल्यावर समजली. "फ्रीजचं तापमान" असं एकच काही नसतं. हवेचं वेगळं, वस्तूंचं वेगळं, आणि जागोजागी वेगळं. साधा हिशोब करून बघा. २५० लिटरच्या फ्रीजमध्ये हवा किती मावते, तर वजनाने साधारण ३०० ग्रॅम. ती सगळी हवा एक अंशाने गार करायला जेवढी उष्णता काढावी लागते तेवढीच साधारण ७५ मिली पाण्यातून काढावी लागते, म्हणजे एक कटिंग चहा. अख्ख्या फ्रीजची हवा बरोबर एक कटिंग! म्हणून दार उघडलं की हवा झटकन गरम होते आणि बंद केलं की झटकन गार होते, पण पातेलंभर दूध, वरण, इडलीचं पीठ हे सगळं आपल्या तापमानाला धरून बसतं. तेव्हा हवेचा आकडा बघून घाबरायचं पण नाही आणि खूश पण व्हायचं नाही.

आपल्या मुंबईत यात अजून एक भर आहे, ओलावा. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम बाष्प असतं, आणि ४ अंशांना हवा जेमतेम ६ ग्रॅम धरून ठेवू शकते. उरलेलं बाष्प आत पाणी होऊन बसतं, आणि बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती त्या हवेला गार करताना काढायच्या उष्णतेपेक्षाही जास्त भरते. म्हणजे जुलैमध्ये दार उघडं ठेवून "काय खाऊ" असा विचार करत उभं राहणं हे तेवढ्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा फ्रीजला बरंच जड जातं. तोच ओलावा मग आत बर्फ होऊन चिकटतो. आणि फ्रॉस्ट फ्री फ्रीज तो बर्फ हीटरने वितळवून मागच्या ट्रेमध्ये सोडतो, तो ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून पुसा बरं का, त्यात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात.

तर मोजायचं कसं. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले, दुकानदाराला म्हटलं तापमानाचा सेन्सर द्या, तो म्हणाला "ताई, साधा पाहिजे की वॉटरप्रूफ?" वॉटरप्रूफच घ्यायचा. त्याचं नाव डीएस१८बी२०, स्टीलच्या छोट्या नळीत बसवलेला, बोटाच्या दोन पेरांएवढी नळी आणि मागे मीटरभर वायर. उणे ५५ ते १२५ अंश मोजतो, आपल्याला लागणाऱ्या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो, आणि अंशाचा सोळावा भाग एवढा बारीक फरक दाखवतो. डीएचटी११ नावाचा निळा चौकोनी सेन्सर स्वस्त मिळतो पण तो दोन अंश इकडे-तिकडे करतो आणि शून्याच्या खाली चालतच नाही, आपल्या कामाचा नाही. डीएस१८बी२० चे नकली पण भरपूर येतात बाजारात, म्हणून तपासून घ्यायचा, ते कसं ते पुढे सांगते.

दुसरी वस्तू म्हणजे बोर्ड, ज्याला प्रोग्रॅम करता येतो आणि वायफाय असतं. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२, दोन्ही चालतात, मोबाईलच्या जुन्या चार्जरवर चालतात. जोडणी अगदी सोपी, सेन्सरची लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी बोर्डाच्या एका पिनला, आणि लाल-पिवळ्याच्या मधे ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला थोडा अडवणारा छोटासा भाग. हा रेझिस्टर विसरलात तर काहीच येत नाही, माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली. वायरींचे रंग नेहमी हेच असतील असं नाही, दुकानातच विचारून घ्या.

या सेन्सरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच पिनला चार-पाच सेन्सर लावता येतात. प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा ६४ बिटांचा नंबर दिलेला असतो, जगात दुसऱ्या कोणाचा तो नंबर नाही. चाळीच्या जिन्यात उभं राहून नाव घेऊन हाक मारली की ज्याचं नाव तोच ओ देतो ना, तसंच आहे हे. बोर्ड एकाच वायरवर हाक मारतो, "अमुक नंबर, किती तापमान?" आणि तेवढाच सेन्सर उत्तर देतो. मी चार लावले आणि प्रत्येकाच्या वायरीला रंगीत सेलोटेप गुंडाळून कुठला नंबर कुठला ते वहीत लिहून ठेवलं.

फ्रीजमध्ये टाकायच्या आधी सेन्सर तपासायचा. मिक्सरमध्ये बर्फ बारीक करा, स्टीलच्या ग्लासात गच्च भरा, वरून थंड पाणी फक्त फटी भरतील एवढंच घाला, चारही सेन्सर त्यात बुडवून पाच मिनिटं ढवळत राहा. बर्फ आणि पाणी एकत्र आहे तोवर ते शून्य अंशावरच राहतं, निसर्गाने दिलेलं माप आहे हे. माझे तीन सेन्सर ०.१ ते ०.३ च्या मधे आले आणि एक सरळ १.४ दाखवत होता. तो बाजूला काढून दुसरा आणला, बाकीच्यांचा फरक प्रोग्रॅममध्ये वजा करून टाकला. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे उकळत्या पाण्याचे १०० अंश पण बघता येतील असं वाटेल, पण ते करू नका, नळी टिकते पण तिच्या वायरीचं प्लास्टिक तेवढी उष्णता सहन करेल असं नाही, आणि आपलं सगळं काम तर शून्याच्या शेजारीच आहे.

बोर्ड फ्रीजच्या आत ठेवायचा नाही. आत ओल धरते, आणि वर पत्र्याचा डबा, वायफाय नीट पोचत नाही. बोर्ड वर, बाहेर, आणि फक्त पातळ वायरी बिजागरीच्या बाजूने दाराच्या रबरातून आत. रबर त्याच्यावर घट्ट बसतंय ना ते कागदाची चिठ्ठी अडकवून ओढून बघा, सहज निसटली तर तिथून हवा जातेय. आणि काही झालं तरी फ्रीजला भोक पाडू नका, भिंतींच्या आत गॅसच्या नळ्या असतात, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे.

सेन्सर कुठे ठेवायचे हे सगळ्यात महत्त्वाचं. माझा एक सेन्सर मधल्या कप्प्यात हवेत लटकतो. दुसरा त्याच कप्प्यात पण पाण्याने भरलेल्या २०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीत, झाकणाला भोक पाडून आत बुडवलेला. तिसरा तशाच बाटलीत पण दाराच्या कप्प्यात. चौथा मागच्या भिंतीजवळ, जिथे पेन गोठलं तिथे. ही बाटली म्हणजे आपलं खोटं अन्न, ती जे दाखवते ते साधारण आतल्या दुधा-भाजीचं तापमान समजायचं. लसी ठेवायच्या फ्रीजमध्ये पण सेन्सर असाच ग्लायकॉलसारख्या द्रवात बुडवून ठेवतात, त्याचं कारण हेच. फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली अर्थातच चालणार नाही, तिथे मटारच्या दोन पाकिटांच्या मधे सेन्सर सारून ठेवला की झालं.

प्रोग्रॅम म्हणजे काय तर दर मिनिटाला चारही सेन्सरला विचारायचं, उत्तर यायला पाऊण सेकंद लागतो तेवढं थांबायचं, आणि आकडे थिंगस्पीक नावाच्या, आकड्यांचे आलेख काढून देणाऱ्या वेबसाइटवर नाहीतर गुगल शीटवर पाठवायचे. माझ्या भाच्याने बसून लिहून दिला, पंचवीस-तीस ओळींचा. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पहिल्याच रात्री आलेखात मधेच ८५ अंश दिसले, माझ्या छातीत धस्स झालं, फ्रीजमध्ये ८५? धावत जाऊन बघते तर सगळं गार. तर ८५ हा या सेन्सरचा चालू होतानाचा ठरलेला आकडा आहे, मोजमाप पूर्ण व्हायच्या आधी विचारलं तर तो ८५ सांगतो. तसंच उणे १२७ आलं तर समजायचं वायर सुटली. हे दोन आकडे प्रोग्रॅममध्येच गाळून टाका, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागतो.

पंधरा दिवसांचा आलेख समोर आला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. हवेची रेघ करवतीच्या दातांसारखी, वर-खाली वर-खाली, ३ वरून ७, ७ वरून ३. तो कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याचा ठेका. त्यात काही चूक नाही, सारखं अर्ध्या अंशासाठी चालू-बंद केलं तर कॉम्प्रेसर टिकणार नाही म्हणून मुद्दाम मधे अंतर ठेवलेलं असतं. आणि त्याच कप्प्यातल्या बाटलीची रेघ मात्र शांत, ४.८ ते ५.२ च्या मधे. दिवसातून एक-दोनदा हवा अर्धा तास ९-१० वर जायची, ते डीफ्रॉस्ट, हीटर बर्फ वितळवतोय तेव्हाचं. बाटलीला त्याचं काही वाटत पण नव्हतं.

पण दाराची बाटली, ती मात्र सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी १० च्या वर जाऊन बसायची आणि खाली यायला दोन-दोन तास. डबे, चहा, भाजी, पाणी, सारखं दार उघडतंय. म्हणजे फाटलेल्या दुधाचं उत्तर तिथेच होतं, दूधवाल्याला उगाच बोलत होतो आम्ही. आणि मागच्या भिंतीचा सेन्सर पहाटे ३ ते ५ मधे शून्याच्या खाली, उणे १.५ पर्यंत, कारण रात्री दार कोणी उघडत नाही, नॉब ७ वर, आणि थंड हवेचं तोंड बरोबर तिथेच. इन्सुलिन गोठलं ते रात्री, आणि आम्ही तपासत होतो दिवसा.

एका रविवारी सुरमईच्या कालवणाचं मोठं पातेलं गरम असतानाच आत गेलं, तेव्हा शेजारची बाटली ५ वरून ८ च्या वर गेली आणि चार तास खाली आली नाही. आमच्या आईचं म्हणणं गरम काही फ्रीजमध्ये ठेवूच नये, पूर्ण गार होऊ दे, मग भले रात्रीचे बारा वाजोत. ते पण बरोबर नाही, कारण दोन तासांपेक्षा जास्त ते बाहेर राहता कामा नये. आता आम्ही कालवण दोन-तीन पसरट डब्यांत काढतो, परातीत पाणी घालून त्यात डबे ठेवतो, पंख्याखाली अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतात, मग आत.

लाईट जातात तेव्हाचं पण सांगायला हवं. मुंबईत फारसे जात नाहीत म्हणून आपण गाफील असतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला लोकलसकट शहर बंद पडलं होतं ते आठवत असेल. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण ४ तास धरतो, त्यानंतर दूध, मासे, शिजवलेलं अन्न याचा भरवसा नाही. अडचण अशी की लाईट गेले की राउटर पण जातो आणि बोर्ड पण, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच आलेखाला भोक. म्हणून बोर्ड पॉवर बँकेवर ठेवला आणि प्रोग्रॅममध्ये घातलं की वायफाय नसेल तर आकडे स्वतःजवळ साठव आणि मग पाठव. पॉवर बँक घेताना तपासा, काही पॉवर बँका बोर्ड इतकी कमी वीज घेतोय म्हणून काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद होतात.

शेवटी अलार्म. सुरुवातीला हवेवर लावला होता, तर दिवसातून वीस वेळा टेलिग्रामवर मेसेज, दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांनी म्यूट केलं, आणि म्यूट केलेला अलार्म असून नसल्यासारखा. मग नियम बदलला. फक्त मधल्या कप्प्यातल्या बाटलीकडे बघायचं, ती सलग अर्धा तास ८ च्या वर राहिली तरच मेसेज, आणि ६ च्या खाली आल्याशिवाय पुन्हा मेसेज नाही. खालच्या बाजूला मात्र थांबायचं नाही, इन्सुलिनजवळचा सेन्सर २ च्या खाली गेला की लगेच, कारण गोठणं परत फिरवता येत नाही.

आता नॉब ४ वर आहे, दूध दारातून मधल्या कप्प्यात आलं, दारात लोणचं, सॉस आणि पाण्याच्या बाटल्या. इन्सुलिनचा खोका मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून वीतभर लांब, आणि चौथा सेन्सर त्याच डब्यात.

गणपतीत घरात माणसं भरपूर, खवलेल्या नारळाचं ताट कसंतरी आत कोंबलेलं. रात्री पावणेतीनला फोन वाजला, मधली बाटली ८.१. उठून गेले तर ताटाच्या कडेमुळे दार दोन बोटं उघडं राहिलेलं, आतला लाईट चालू. ताट आडवं सारलं, दार दाबून लावलं, आणि पाच मिनिटं तिथेच स्टुलावर बसून मोबाईल बघत राहिले. हवेची रेघ लगेच खाली यायला लागली, बाटली जागची हलली नाही. सकाळी आरतीच्या आधी बघितलं तेव्हा ५.३ होती.